मदत हवी आहे: १९७३ ची एमजीबी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या मुक्काम इंग्लंडात, रेडिंगला. पंचेचाळिशी उलटली आणि डोक्यात एमजीबी शिरली, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन माणसांची, उघड्या टपाची, १७९८ सीसीची. १९६२ ते १९८० ही गाडी अॅबिंग्डनला बनायची, म्हणजे आमच्या घरापासून तासभराच्या आत. पाच लाखांच्या वर बनल्या. त्यामुळे दुर्मीळ वगैरे काही नाही, आणि म्हणूनच माझ्यासारख्या पगारदाराला स्वप्न तरी पडतं.

जी बघून आलो ती १९७३ ची, लाल, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. (१९७४ च्या अखेरीला काळे रबरी बंपर आले आणि अमेरिकेतल्या नियमांपायी गाडी दीड इंच उंच केली. ते ध्यान मला बघवत नाही. रबरवाल्यांनी रागावू नये.) मागणी ८,५०० पौंड. मालक सत्तरीचे, बोलायला गोड, चहाही पाजला. चोक ओढून पहिल्याच चावीला सुरू झाली. फेरी मारली, चौथ्या गिअरात ओव्हरड्राइव्ह (बटणानं लागणारा, इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) टाकल्याबरोबर इंजिनाचा आवाज खाली आला. गरम झाल्यावरही ऑइलचं प्रेशर चालत्या गाडीत पन्नासच्या आसपास. रंग दोन वर्षांपूर्वीच मारलाय, आरशासारखा.

अडचण अशी की मला गाडीतलं फारसं कळत नाही. बायको म्हणते, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. बाबा साताऱ्यात सरकारी अँबॅसेडरवर ड्रायव्हर होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर बोनेटखालचं दाखवलं तर म्हणाले, "अरे, हे तर आपलंच इंजिन!" वयाप्रमाणे बोलतात, म्हणून मी हसून सोडून दिलं.

इंजिन उतरवायची वेळ आली तर खड्ड्यात जाईन का? आजचं पेट्रोल हिला चालतं का? घराला गॅरेज नाही, दारात ताडपत्री घालून ठेवली तर चालेल का? शनिवारी बयाणा द्यायचा विचार आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– रेडिंगकर

इंदुरी_पोहा: बाबांची आधी माफी मागा! अँबॅसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि तुमच्या एमजीबीचं १७९८, दोन्ही बीएमसी या जुन्या ब्रिटिश मोटार कंपनीच्या 'बी-सिरीज' इंजिनांमधली. सख्ख्या बहिणी. एक सरकारी नोकरीत चिकटली, दुसरी कॉलेजात उनाडली, एवढाच फरक. पॉइंटची गॅप, टॅपेट, टायमिंग हे सगळं बाबा तुम्हाला फोनवरून शिकवतील. फक्त हिला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आहेत, ते एकमेकांशी जुळवावे लागतात. रबरी नळी कानाला लावून दोन्हींचा श्वास ऐकायचा आणि सारखा करायचा.

पत्रापारखी: रेडिंगकर, मी बर्मिंगहॅमला असतो. माझ्याकडे १९७१ ची जीटी आहे, म्हणजे तीच गाडी पण पक्क्या टपाची. तुमचा सगळा धागा इंजिनावर आहे, आणि नेमकं तिथंच गडबड आहे. इंजिनाचा प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. पत्रा बघितलात का?

या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दाराखालची सिल म्हणजे नुसती पट्टी नव्हे. बाहेरची, आतली, मधला पडदा आणि खाली कॅसल रेल असे थर असतात, आणि उघड्या टपाच्या गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. गंज आतून लागतो. सिल पुढच्या मडगार्डच्या आतपर्यंत गेलेली असते, त्यामुळे नीट बदलायची तर मडगार्ड उतरवावं लागतं. कामचुकार माणूस काय करतो? दिसतो तेवढ्या भागावर नवा पत्रा डकवतो, लांबी (पुटी) भरतो आणि वरून लाल रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा.

दोन वर्षांपूर्वीचा रंग वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. रंग मारताना काढलेले फोटो मागा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी. मग दाराखाली जॅक लावायची जागा आहे तिथे जॅक लावून ती बाजू उचला आणि दार उघडा. दार अडकलं किंवा फट बदलली तर घरी या. सीटमागचं झाकण काढून बॅटऱ्यांचे पाळणे बघा. १९७३ च्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात आणि तिथे पाणी साचतं.

आणि एक. ४० वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी, म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, लागत नाही. म्हणजे ही गाडी शेवटची कधी कुणी खालून बघितली, देव जाणे. पण जुन्या एमओटीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. नंबर टाका आणि 'गंज' कितीदा आलाय ते मोजा.

ओव्हरड्राइव्ह: पत्रापारखींना +१. बाकीचं माझ्याकडून. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय, ते जुन्या रबरी नळ्या खातं. सुपर अनलेडेड ई-५ भरा आणि नळ्या तरी बदलाच. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का विचारा. नसतील तर शिसं नसलेल्या पेट्रोलवर सीट हळूहळू झिजतात. ऑइल २०डब्ल्यू-५०. पुढच्या किंगपिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळी) दर ३,००० मैलांना ग्रीस, हे लोक हमखास विसरतात. तारांच्या चाकांच्या स्प्लाइन (चाक अॅक्सलवर अडकवणारे दाते) झिजल्या असतील तर अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना मागून 'टक्' येतं. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर कंपनी भंगाराचा भाव हातावर टेकवेल. आणि ताडपत्री अजिबात नको! आत दमट हवा कोंडून राहते. त्यापेक्षा उघड्यावर बरी. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडलं की बाहेर काढू नका.

रेडिंगकर: सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत गेलो होतो, खिशात फ्रिजवरचा चुंबक घेऊन. (पातळ आहे, पण पडतो की नाही ते कळतं.) डाव्या सिलवर चिकटला. उजव्या सिलवर मधोमध वीतभर जागेत तीनदा खाली पडला. जुन्या नोंदींत २०१४ आणि २०१६ ला दोन्हीकडे गंज लिहिलाय. रंगकामाचे फोटो 'कॉम्प्युटर बिघडला तेव्हा गेले'.

मग मी म्हटलं, जॅक लावून बघू का? गृहस्थ पटकन म्हणाले, "तिथे नको, मी नेहमी मागच्या अॅक्सलखाली लावतो."

चहा पिऊन परत आलो.

पत्रापारखी, जीटी उघड्या टपापेक्षा स्वस्त मिळते असं दिसतंय. ऑक्सफर्डजवळ १९७२ ची एक आहे, ५,२०० ला. रंग उडालेला, सीट फाटलेल्या, पण सिल बदलताना मडगार्ड उतरवलेले फोटो त्यांनी न मागता पाठवले. ओव्हरड्राइव्ह मात्र चालत नाही. हे गिअरबॉक्स उतरवायचं काम असतं की नुसती वायर तुटलेली असू शकते? बाबा म्हणतात, अँबॅसेडरला असलं काही नव्हतं, मंडळींना विचार.