पासिंगला नापास झालेली वॅगनआर घेऊ का?

प्रश्न (सहकारनगर)
बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. परत येताना ते इतके गळून गेलेले असतात की रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत. म्हणून गाडी हवी आहे, आणि माझ्याकडे लाखाच्या वर पैसे नाहीत.

शेजारच्या काकांची २०१० ची पेट्रोल वॅगनआर आहे, एमएच १२. पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत पासिंगला (फिटनेस तपासणीला) नेली, तर नापास. कारणं: ब्रेक मारला की डावीकडे ओढते, हँडब्रेक धरत नाही, एक हेडलाइट मंद, आणि ड्रायव्हरच्या बाजूला खालचा पत्रा गंजलेला. काका म्हणतात, "अगं, ब्रेकचं काम करून घे, होऊन जाईल." ७० हजार सांगतायत. काका मला फसवणार नाहीत, पण मला गाडीतलं काहीच कळत नाही. घेऊ का?

उत्तर (नाना पेठ, मेकॅनिक)
ताई, पहिल्या तीन गोष्टींना घाबरू नका. डावीकडे ओढते म्हणजे बहुतेक उजव्या पुढच्या चाकाचा कॅलिपर (ब्रेक आवळणारा भाग) जाम असणार, म्हणून ते चाक ब्रेक धरत नाही. हँडब्रेकला मागच्या ड्रममधले शू, नाहीतर केबल. दिवसभराचं काम आहे.

पत्र्याचं मात्र तसं नाही. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते; बॉडीच सगळा भार घेते. रॅम्पवर चढवा आणि दाराखालून लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरून रंग मारलाय. तिथे स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द. आणि गाडी आधी कुठे होती ते विचारा. कोकणात पावसाळे काढलेली गाडी वरून चकचकीत असते आणि खालून चाळण.

उत्तर (कोथरूड)
मुदत संपलेल्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गाडी तुमच्या नावावर होणार नाही. आधी काकांच्याच नावाने फॉर्म २५ भरून नूतनीकरण (ते ५ वर्षांसाठी होतं), मग तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, उशीर झाला तर महिन्याला ५०० वर, पर्यावरण कर वेगळा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

मी एका एजंटच्या "आठ दिवसांत पासिंग करून देतो" वर विसंबून पूर्ण पैसे मोजले होते. चार महिने गाडी पार्किंगमध्ये उभी होती, आणि हप्ता मात्र चालू. तशी गाडी रस्त्यावर काढून काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. काका कितीही चांगले असोत, पासिंग होईपर्यंत विसारही देऊ नका.

प्रश्नकर्तीकडून
दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी काकांना घेऊनच गॅरेजला गेले. फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक नेलं होतं. मागच्या दारापर्यंत घट्ट चिकटत होतं, ड्रायव्हरच्या दाराखाली हातातून निसटून खालीच पडलं. मेकॅनिकने तिथे स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवून दाबला, तर तो अर्धा इंच आत गेला आणि तपकिरी पापुद्रे खाली पसरलेल्या पेपरवर पडले. मग काकांना आठवलं, त्यांनी गाडी घेतली ती अलिबागहून. पहिल्या मालकाकडे ती तीन वर्षं होती.

काका बराच वेळ त्या पापुद्र्यांकडे बघत राहिले. म्हणाले, "यात मी नातवंडांना घेऊन फिरलो गं."

गाडी घेत नाही. मंगळवारी बाबांना कॅबने नेईन. ९५ हजारांपर्यंत, पासिंगला अजून दोन-तीन वर्षं असलेली कुणाची गाडी असेल तर कळवा. चुंबक घेऊन येईन.