अनुभव धागा: मृत्युपत्र आहे, तरीही प्रोबेट?

शिवाजीपार्ककर
पुनर्विकासासाठी सोसायटीने सभासदांची कागदपत्रे मागवली, म्हणून काल कपाटातली फाईल काढली आणि न्यायालयाची मोहोर असलेले बाबांच्या मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, बऱ्याच वर्षांनी हातात आले. बाबांनी मृत्युपत्र नोंदवले होते, घर आईच्या नावे स्पष्ट लिहिले होते, आम्हा भावंडांत वाद नव्हता. तरीही घर मुंबईत असल्यामुळे प्रोबेटशिवाय ते आईच्या नावे करण्यास सोसायटीने नकार दिला. अर्ज मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी त्यात नेमलेल्या एक्झिक्युटरने, म्हणजे आमच्या मामांनी, करायचा होता. मूळ मृत्युपत्र उच्च न्यायालयात जमा करावे लागले, मालमत्तेची आणि देण्यांची यादी जोडावी लागली, आईची व बहिणीची संमतीची प्रतिज्ञापत्रे झाली. खरी अडचण साक्षीदाराची होती, कारण दोघांपैकी किमान एकाचे प्रतिज्ञापत्र लागते. एक जण वारले होते आणि दुसरे, आमचे जुने डॉक्टर, मुलीकडे नागपूरला राहायला गेले होते. त्यांना नीट दिसत नव्हते. मुलीने कागदावर पट्टी धरली आणि त्यांनी पट्टीच्या कडेने सावकाश सही केली. त्या सहीवर आमचे घर उभे आहे, असे मी आजही मानतो.

खर्चाचे म्हणाल, तर महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर ठरते, पण तिला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. दादरच्या कोणत्याही सदनिकेला ती लागतेच. वकिलांची फी त्याहून अधिक झाली. आपलेही अनुभव लिहावेत.

अनघा_ठाणे
आमच्या सासऱ्यांचे मृत्युपत्र एकच, सदनिका दोन. ठाण्याच्या सोसायटीने नोंदणीकृत मृत्युपत्र, वारसांची संमती आणि हमीपत्र घेऊन नाव लावले. मुलुंडची सदनिका मात्र उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीत, म्हणजे मुंबईत, येत असल्यामुळे तिथे प्रोबेटच मागितले. दोन घरांमध्ये एक खाडी आणि एक टोलनाका, पण कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश होते.

मीरा७२
धागा अगदी वेळेवर आला. आमच्या प्रकरणात चुलत दिरांनी कॅव्हेट, म्हणजे प्रोबेटला हरकत, दाखल केले आहे. स्वयंपाक आवरून सविस्तर लिहिते.

वकील_सातारा
अनघाताई, हा भेद १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम ५७ आणि २१३ मुळे होता. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या उच्च न्यायालयांच्या मूळ हद्दीत केलेल्या, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेविषयीच्या, हिंदू, बौद्ध, शीख व जैन व्यक्तींच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ वगळले, त्यामुळे ती सक्ती संपली आहे. तरीही वादाची शक्यता असेल तिथे मी अशिलांना प्रोबेट घेण्याचाच सल्ला देतो, कारण त्यानंतर मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल बँकेला किंवा खरेदीदाराला शंका घेण्यास जागा उरत नाही. मृत्युपत्रच नसेल, तर ठेवी आणि शेअर्ससाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे त्याखेरीज १८२७ च्या मुंबई रेग्युलेशननुसार दिवाणी न्यायालयाचा वारस दाखलाही मिळतो.

फोंडेकर
आमच्या गोव्यात सगळा हिशोबच वेगळा आहे. पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक धरली जाते, आणि मुले असतील तर माणसाला आपल्या वाट्याच्या निम्म्याच भागाचे मृत्युपत्र करता येते. उरलेला निम्मा वारसांना मिळतोच. आजी गेल्यावर आम्ही विशेष नोटरीकडे वारस कोण हे नोंदवणारे डीड केले, पण घर आणि कुळागर (पोफळीची बाग) वाटायचे म्हटल्यावर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची कारवाई, करावी लागली. थोरल्या काकांना कुटुंबप्रमुख म्हणून मालमत्तेची यादी द्यावी लागली, आणि ज्या वस्तूवर एकमत झाले नाही तिच्यासाठी वारसांमध्येच बोली लागली. आजीच्या हाताने लावलेल्या पोफळींसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांवर चढती बोली लावलेली पाहणे फार जड गेले. मात्र वाटणी झाल्यावर पुन्हा कोणी तक्रार केली नाही, हेही सांगितले पाहिजे.

नीलिमा_पुणे
नामनिर्देशनाबद्दल लिहिते, कारण आमच्या घरात त्यावरून अबोला झाला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले आणि सहकारी सोसायटीतही नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. माझे नाव आईच्या खात्यावर नॉमिनी म्हणून होते. पैसे माझ्या हाती आले तेव्हा ते तिघा भावंडांचे आहेत हे धाकट्या भावाला आधी बँकेतल्या माणसाने आणि मग मी समजावले.

लंडनहून_पार्लेकर
आमचे अविवाहित दीर इंग्लंडमध्ये वारले. तिथे प्रोबेटच्या अर्जाची फी ३०० पौंड होती, ती काहीच नाही; भार पडला तो वारसा कराचा. ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर ४० टक्के कर, आणि देय कर किंवा त्याचा हप्ता भरल्याशिवाय प्रोबेट हाती येत नाही. म्हणजे घर विकण्यासाठी प्रोबेट हवे आणि प्रोबेटसाठी पैसे आधी हवेत. घराच्या वाट्याचा कर दहा वार्षिक हप्त्यांत भरता येतो, त्यामुळे आम्ही तरलो. पुण्यातल्या त्यांच्या ठेवींसाठी पुन्हा वेगळी प्रक्रिया झाली: तिथल्या प्रोबेटची अधिकृत प्रत जोडून इथल्या न्यायालयाकडून प्रशासनपत्र, म्हणजे मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार, घ्यावे लागले.

कोरेगावचा_शेतकरी
शेतीला एवढे नाही लागत. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज केला, गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंद झाली, नोटिशीच्या मुदतीत हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. पण सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे वाटणी झाली असे नव्हे. बहिणींची नावे लागली की गावात कुजबुज सुरू होते आणि हक्कसोडपत्राचा आग्रह धरला जातो. आम्ही तो धरला नाही. तिघी बहिणींची नावे आजही उताऱ्यावर आहेत आणि विहिरीच्या मोटारीचा खर्च त्याही देतात.

मीरा७२
आता लिहिते. कॅव्हेटमुळे आमचा साधा अर्ज दाव्यात बदलला, म्हणजे साक्षी, उलटतपासणी सगळे आले. माझे सासरे शेवटच्या वर्षी अंथरुणावर होते आणि सही त्यांची नव्हेच, असा आरोप आहे. ज्या माणसाने त्यांना रोज भरवले, त्याच्यावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, हा आरोप ऐकणे सोसवत नाही. शिवाय दोन्ही साक्षीदार आता हयात नाहीत. अशा वेळी काय करतात?

शिवाजीपार्ककर
मीराताई, फार वाईट वाटले. वकीलसाहेब, कृपया सांगाल का?

वकील_सातारा
मीराताई, साक्षीदार हयात नसले म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही. एका तरी साक्षीदाराची सही त्याच्याच हातची आहे आणि मृत्युपत्रावरील सही सासऱ्यांचीच आहे, हे त्यांचे हस्ताक्षर ओळखणाऱ्या व्यक्तीकडून सिद्ध करता येते. साक्षीदारांची मुले किंवा कार्यालयातले जुने सहकारी शोधा. त्याच काळातील पेन्शनचे कागद, बँकेच्या स्लिपा, डॉक्टरांच्या नोंदी, जे मिळेल ते तारखेनुसार लावून तुमच्या वकिलांकडे द्या, आणि सासऱ्यांना तपासणारे डॉक्टर साक्ष देण्यास तयार आहेत का, ते याच आठवड्यात विचारून घ्या.