घरात झाकलेलं वर आलं तेव्हा : अनुभव धागा

नाताळात पोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन गप्पा चालल्या होत्या आणि इंदूरच्या आम्हा मराठी ख्रिस्ती घरांतली एकेक झाकली मूठ उघडायला लागली. म्हणून विचारतेय : घराण्यातलं दडवलेलं काही कळलं, तेव्हा तुमच्या विश्वासाचं काय झालं? चर्चमध्ये उभं राहून विश्वासाची साक्ष देतात तसं गुळगुळीत नको, घडलं तसं लिहा. सुरुवात मीच करते.

छावणी, इंदूर
बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत चौदा पोस्टकार्डं सापडली. प्रत्येकाच्या शेवटी 'तुझी आई'. आम्हाला तर सांगितलेलं की आजी 1946 साली पटकीने गेली. कार्डं 1951 नंतरची, महारोग्यांच्या आश्रमातून आलेली. पोस्टकार्ड म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलेलं. लपवलं ते फक्त आमच्यापासून.

आजोबा मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ, होते. आजीच्या अंगावर चट्टे दिसले तसे तिला पोचवून आले, ती वारली म्हणून सांगितलं आणि वर्षाने दुसरं लग्न केलं. लग्न लावणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं? पुढे महारोगावर डॅप्सोनच्या गोळ्या आल्या, आजी बरीही झाली. आणायला कुणी गेलं नाही.

दोन वर्षं मी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, उठले नाही. भाकरीची ताटली फिरवणारे आजोबांचे हात डोळ्यांपुढे यायचे. मग एकदा बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी वाचला. शंभरदा ऐकलेला. पण येशू आधी हात लावतो आणि रोग नंतर जातो, हा क्रम कधी ध्यानातच आला नव्हता. त्या रात्री आजीसाठी पहिल्यांदा रडले. आजोबांना क्षमा केली का? सोमवारी होते, गुरुवारी परत जाते. ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानातल्या उपासनेत घरच्यांची नावं घेतली, तेव्हा तिचंही घेतलं. काकांनी मान फिरवली.

रामबाग
आमच्याकडे उलटं. मी 34व्या वर्षी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईच्या तोंडून गेलं, "पुन्हा तेच?" त्या 'पुन्हा'वरून सगळं बाहेर आलं. पणजोबा ख्रिस्ती झाले म्हणून घरच्यांनी जिवंतपणी त्यांचं घटश्राद्ध घातलं होतं, म्हणजे ते मेले असं धरून नातं तोडलं होतं. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900चा. तिथे पाच वर्षांनी का होईना, वाट जुळली. आमच्या पणजी मुलाला घेऊन ग्वाल्हेरला माहेरी राहिल्या, नवरा असून विधवेसारख्या. मला पणजोबांचा अभिमान वाटतो. आणि पणजींचा विचार आला की तो अभिमान घशात अडकतो.

विजयनगर
मला क्षमा जमलेली नाही. वडिलांनी काय केलं ते इथे लिहिणार नाही. 'सत्तर वेळा सात' क्षमा करा, हे येशूचं वचन ऐकवणाऱ्यांपासून लांब राहते. बायबलच्या स्तोत्रसंहितेत 109वं स्तोत्र आहे, नुसते शापच शाप. कित्येक महिने तेच वाचून झोपायचे. देवापुढे असंही बोलता येतं हे कळलं, तेव्हा कुठे चर्चमध्ये पुन्हा पाय टाकला.

महू
छावणीच्या ताई, कॅनडाचं मिशन आपल्याकडे 1877 साली आलं. त्यांच्या जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची रजिस्टरं असायची. आमचं बरंच त्यातूनच उलगडलं. आजी-आजोबांचं लग्न जिथे लागलं तिथे विचारून पाहा, कपाटाची किल्ली कुणाकडे तरी असतेच.

छावणी, इंदूर
दादा, पाहून आले. लग्न 1938चं. पोस्टकार्डांवरचं अक्षर दर वेळी वेगळं, म्हणून मला वाटायचं आजीला लिहिता येत नव्हतं. रजिस्टरात तिची सही आहे. ठसठशीत, आजोबांच्या सहीपेक्षा कितीतरी सुरेख.