मदत हवी आहे: अॅम्प्लिफायर-स्पीकर निवडताना देश बघावा का?

मंडळी, जुनी सिस्टीम बदलायची ठरवलंय आणि वाचून वाचून डोकं भंजाळलंय. जो तो देशावरून सांगतो: ब्रिटिश स्पीकर गाण्याच्या आवाजासाठी, जपानी अॅम्प्लिफायर नाजूकपणासाठी, अमेरिकन म्हणजे दणका.

यात तथ्य नाही असं नाही. बीबीसीने १९७०च्या दशकात आपल्या छोट्या जागांसाठी एलएस३/५ए हा पिटुकला स्पीकर घडवला, तो माणसाच्या आवाजात खोट नको म्हणून. उलट अमेरिकेत क्लिप्श कंपनीने १९४६ पासून खोलीच्या कोपऱ्यात बसणारा अजस्र हॉर्न (भोंग्याच्या आकाराचा) स्पीकर विकला, जो जेमतेम काही वॅटवर घर दणाणून सोडतो. म्हणजे फरक देशाचा, की त्या इंजिनियरसमोर असलेल्या गरजेचा?

आणखी गोंधळ असा की डेन्मार्कच्या स्कॅनस्पीक कंपनीचे ड्रायव्हर (स्पीकरच्या आतला, प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) दुसऱ्या देशांतल्या महागड्या स्पीकरांत बसलेले असतात. मग त्या आवाजाचं राष्ट्रीयत्व कुठलं लिहायचं? (पासपोर्ट तर नसतो!)

माझी खोली साधारण १२ बाय १४ फूट. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन, मध्यम आवाजात. माझ्या मनात जपानचा अॅक्युफेज किंवा लक्समन अॅम्प्लिफायर आणि ब्रिटिश बुकशेल्फ (छोटे, फळीवर मावणारे) स्पीकर अशी जोडी आहे. पण कमी सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये कमी आवाज देणाऱ्या) स्पीकरला किती वॅट पुरतील? आणि एकाच खोलीत, आवाजाची पातळी सारखी ठेवून, डोळे झाकून दोन देशांची यंत्रं कुणी ऐकली आहेत का? फरक ओळखू आला का? ब्रँडप्रेम बाजूला ठेवून सांगा, प्लीज.