पणजी–दिवाडी–नार्वे–मये–चोडण : ४० जणांची निधीसंकलन सायकल फेरी, नियोजन कसे करावे?

मांडवीकाठ (प्रश्न)

मंडळी, जानेवारीतल्या एका रविवारी मित्रमंडळींची सायकल फेरी काढतो आहोत. जमलेला निधी डिचोली तालुक्यातल्या विशेष मुलांच्या शाळेला जाईल. शाळा नोंदणीकृत ट्रस्टची आहे. साधारण ४० सायकली, त्यातल्या निम्म्या उसन्या. बहुतेकांना २० कि.मी.च्या पुढची सवय नाही.

ठरलेला मार्ग : पणजी, रायबंदर, फेरीबोटीने चोडण, मये, नार्वे, फेरीबोटीने दिवाडी, पुन्हा फेरीबोटीने जुने गोवे, तिथून पणजी. सगळे मिळून ३५-४० कि.मी. भरेल.

मार्ग बरोबर आहे का? सोबत सामान काय घ्यावे? पैसे माझ्या यूपीआयवर गोळा करून नंतर शाळेला द्यायचे असे चालले आहे, त्यात काही अडचण? आणि कोणी चोर्ला घाट सुचवतो आहे, तो कसा?

खाजनवाट

चोर्ला विसरा. बेळगावची अवजड वाहतूक, आंधळी वळणे आणि त्यात नवखे लोक.

तुमचा मार्ग चांगला आहे, फक्त उलटा फिरवा. आधी पणजी ते जुने गोवे, मग दिवाडी, नार्वे, मये, चोडण आणि शेवटी रायबंदर. जुने गोवे ते पणजी हा पट्टा साधारण १० कि.मी.चा आहे. तो सकाळी सातच्या आत रिकामा मिळतो, दहानंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. उलट फिरलात तर परतताना रायबंदर धक्क्यापासून पणजी निम्म्या अंतरावर आहे. जाताना नदीकाठचा जुना रस्ताच धरा, कदंब पठारावरून जाणाऱ्या महामार्गाला जाऊ नका.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला निघणार असाल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा करा. नुसता रिफ्लेक्टर पुरत नाही, कारण समोरच्या गाडीचा प्रकाश पडेपर्यंत तो दिसतच नाही.

आता फेरीबोट. या मार्गावर तीन वेळा पाणी ओलांडायचे आहे आणि बेत कोलमडतो तो तिथेच. चाळीस सायकली एकदम धक्क्यावर आल्या की गावातल्या स्कूटरवाल्यांना बोटीत जागा उरत नाही, मग बोलाचाली. १०-१० चे चार गट करा, दोन गटांत १५ मिनिटांचे अंतर ठेवा, एका बोटीत एकच गट. नदी परिवहन खात्याला आधी लेखी कळवून ठेवा. प्रत्येक गटाला पुढे एक आणि मागे एक जाणकार हवा, आणि मागच्याने कोणाच्याही पुढे जायचे नाही. पलीकडे उतरल्यावर धक्क्यावर घोळका करू नका, शे-दोनशे मीटर पुढे रुंद जागा बघून थांबा.

बोटीवर चढता-उतरता सायकल हातात धरून चाला. रॅम्प लोखंडी असतो, दवाने ओला असतो, आणि पुढचे चाक तिरके झाले की घसरतेच. ओहोटीला धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि उतारही वाढतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा फरक जास्त, म्हणून तारीख ठरवताना भरतीचे वेळापत्रक बघा.

जानेवारी निवडलात हे बरे केलेत. २४ नोव्हेंबरपासून सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत (उत्सवापर्यंत) जुन्या गोव्यात पायी येणाऱ्या भाविकांची रीघ असते. पण रविवार आहे, म्हणजे दिवाडी आणि चोडणला सकाळी मिसाची (सामूहिक प्रार्थनेची) वेळ लागणार. इगर्जीजवळ (चर्चजवळ) गाड्या दोन्ही बाजूंना लावलेल्या असतात, तिथे एकेरी रांग आणि दरवाजे उघडण्यावर लक्ष.

वाटेत नार्वेचे सप्तकोटेश्वर मंदिर आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले. पहिला मोठा थांबा तिथे घ्या. त्यानंतर मयेपर्यंत चढ-उतार आहेत, थकलेल्यांना त्याआधी विसाव्याची खरी गरज पडते.

चेनकव्हर

उसन्या सायकली म्हणजे निम्मे काम आठवडाभर आधी. नोंदणीच्या अर्जातच टायरवर छापलेला आकार लिहून घ्या (७००×३५, २६×२.१ वगैरे) आणि व्हॉल्व कुठला तेही. बारीक, वर स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व पेट्रोल पंपाच्या हवेच्या नळीला बसत नाही. पितळी अडॅप्टर दोन-चार जवळ ठेवा.

तपासणीत तीन गोष्टी. ब्रेक : समुद्राच्या हवेने केबल आतून गंजते, लिव्हर दाबला जातो पण सुटताना अडकतो, अशी केबल तेल न घालता बदलाच. डिस्क ब्रेक असेल तर चेनला स्प्रे मारू नका. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) उडाले की पॅड निकामी होतात, पुसून भागत नाही. चेन : पट्टीने १२ इंच मोजा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. १/१६ इंच जास्त भरली तर चेन बदला, १/८ भरली तर बहुधा कॅसेटही (मागच्या चाकाची दातेरी चक्रे) गेली. तिसरे, चाकांचे क्विक रिलीज, म्हणजे चाक झटपट काढायची खिट्टी. गाडीत घालून आणलेल्या सायकलींचे हमखास सैल राहते.

हवा : ७००×३५ ला साधारण ५५-६५ पीएसआय, एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) २.१ इंची टायरला ३५-४०. गोव्यात गतिरोधकांवर पांढरे पट्टे असतीलच असे नाही. कमी हवेत त्यावर आदळलात की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा काच, ती टायरमध्ये अजून असते. आतून बोट फिरवून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे.

४० सायकलींसाठी : ७०० च्या ६ ट्यूब, २६, २७.५ आणि २९ च्या प्रत्येकी ३, टायर लिव्हरच्या ४ जोड्या, पॅच किट २, फूट पंप १, हातपंप प्रत्येक गटाला १, मल्टीटूल ४, चेन तोडणी १, झिप टाय मूठभर. जोडकडी (तुटलेली चेन जोडायची कडी) ८, ९ आणि १० स्पीडची वेगवेगळी लागते, तिन्ही घ्या. पॅचचे सोल्युशन लावल्यावर ते कोरडे होईपर्यंत थांबायचे. ओल्यावरच पॅच दाबला की पुढच्या चढाला हवा जाते.

जमाखर्च

तुमच्या यूपीआयवर अजिबात नको. रक्कम तुमच्या बचत खात्यातून गेली की देणगीदार कागदोपत्री तुम्ही ठरता, बाकीच्यांना पावती मिळत नाही. ट्रस्टच्या खात्याचा क्यूआर घ्या, देणगी थेट तिथे. ट्रस्टकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, ते प्रमाणपत्र बघून खात्री करा. पावतीसाठी नाव, पत्ता, पॅन त्याच वेळी घ्या, फेरी झाल्यावर कोणी फोन उचलत नाही. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावटच नाही, हेही आधी सांगून टाका.

नोंदणी शुल्क आणि देणगी वेगळी ठेवा. पाणी, नाश्ता, टेम्पो, टी-शर्ट हा खर्च शुल्कातून. त्या पैशाला देणगीची पावती मागू नये, बदल्यात वस्तू मिळालेली असते. प्रत्येकी ७०० धरले तर ४० जणांचे २८,०००. खर्च त्यात बसवा, उरले तर ट्रस्टला.

‘दर किलोमीटरला अमुक’ अशी आश्वासने ऐकायला छान, वसूल होत नाहीत. ठरावीक रक्कम, आणि फेरीच्या आधी.

आता खास आपल्याकडची अडचण. लंडन-लिस्बनचा भाऊ पैसे पाठवतो म्हणेल. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर हरकत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांचे कार्ड) असले तरी, तो परदेशी निधी. त्यासाठी ट्रस्टला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. ‘माझ्या खात्यावर टाक, मी पुढे देतो’ ही पळवाट कायद्यात बसत नाही.

मांडवीकाठ

देव बरें करूं! दिशा उलटी केली, क्यूआर ट्रस्टकडून मागवला. पाणी किती धरू? आणि परवानगी?

खाजनवाट

ताशी माणशी ६०० मिली, सायकलवरचे तास तीन, ४० जण : ७२ लिटर. २० लिटरचे चार जार घ्या, दोन नार्वेला, दोन मयेला. बाटल्या ज्याच्या त्याने आणायच्या. ओआरएसचे पाकीट लिटरला एक, अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतू देऊ नका. केळी माणशी दोन. भाजीपाव आणि ऑमलेट पणजीला परतल्यावर, चढाच्या आधी नाही.

रस्ता ज्या ज्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून जातो तिथे आणि वाहतूक विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पंचायतींनाही एकेक प्रत. शर्यत नाही हे अर्जात स्पष्ट लिहा आणि पहिल्या येणाऱ्याला बक्षीसही ठेवू नका. रस्ता बंद केलेला नसतो. मागून एक टेम्पो हवा, त्यात प्रथमोपचार पेटी. पण फेरीबोटीवर टेम्पोचा नंबर लागायला वेळ जातो, म्हणून दिवाडीच्या बेटावर त्याच्या भरवशावर राहू नका. तिथल्यापुरता एक स्कूटरवाला गटाबरोबर ठेवा आणि पेटी त्याच्याकडे द्या.