प्रतिसाद: पन्नास तासांचा सराव

गाडी शिकणाऱ्या मुलांना सरावाचे तास सक्तीचे करण्याबद्दल 'कायद्याने कागद वाढतात, मुलं शिकत नाहीत' असं मत इथे कोणी मांडलं होतं, ते मला पटलं नाही. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे सोळाव्या वर्षी परमिट (गाडी शिकण्याचा परवाना) काढताना ड्रायव्हिंग स्कूलचे फक्त 6 तास लागतात. फेब्रुवारी 2025 पासून 21 वर्षांखालच्यांना त्याशिवाय 50 तासांचा सराव सक्तीचा झाला, त्यातले 10 रात्रीचे.

ते रात्रीचे तास नसते तर लेकीला मी अंधारात गाडी दिलीच नसती, खरं सांगते. पहिल्याच रात्री पाऊस होता. समोरच्या दिव्यांनी ती बावरली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसली. दिवसा सफाईने चालवणारी मुलगी! वहीत तास लिहून त्यावर सही करताना आता माझीही जबाबदारी कळते.