वजनाचं ऑपरेशन झाल्यावर घरात काय होतं? खानदेशातले अनुभव

आपल्याकडे पाहुण्याचं "बस झालं" कुणी ऐकून घेत नाही. अशा घरांत राहून ज्यांनी बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन, करून घेतली, किंवा नको म्हणून सांगितलं, त्यांना मुद्दाम लिहायला बोलावलंय. ऑपरेशन कसं होतं ते डॉक्टर सांगतातच. नंतर ताटाचं, नात्यांचं, पैशाचं काय होतं ते इथे यावं. नावं नकोत, गाव आणि काम पुरे.

अमळनेर, शिक्षिका
शुगर, गुडघे आणि झोपेत श्वास अडकणं, या तिन्हींमुळे निर्णय घेतला. माझी स्लीव्ह झाली. यात पोटाचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक लागतच नाही. घड्याळ बघून खावं लागतं.

ऑपरेशनच्या आधीही काही दिवस पातळ आहारच होता. त्याने लिव्हरवरची चरबी कमी होते आणि दुर्बिणीने काम करायला जागा मिळते. नंतर औषधाच्या बाटलीचं छोटं झाकण हेच माझं भांडं झालं. त्यात मुगाचं कढण, गाळलेलं ताक, एकेक घोट. घाईने घेतलं की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. जेवताना पाणी बंद, जेवणानंतर अर्ध्या तासाने चालू. हे घरच्यांना पटवायलाच जास्त त्रास झाला.

रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. शाकाहारी घरात ते जमवणं हे रोजचं काम आहे. पनीर, दही, मूग, सोयाबीन आधी, पोळी-भात जागा उरली तर. तरी काही महिन्यांनी केस मुठीने गळले. कंगव्यातला गुंता बघून रडू यायचं. पुढे ते परत आले, पण त्या काळात कुणीतरी "हे होतंच, थांबेल" म्हणणारं हवं होतं, म्हणून मी आज लिहितेय.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सगळं तयार. मी चतकोर घेतली. मावशी म्हणाली, "इतलंसं खाईसनी काय व्हई वं माय?" आईने तिला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. आईचे ते उपकार मी विसरणार नाही.

धुळे, ट्रान्सपोर्टचा धंदा
मला ॲसिडिटी फार. स्लीव्हने ती वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी बायपास सुचवला. हा हृदयाचा नव्हे, पोटाचा: पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. इन्सुलिन सुटलं, पण एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करत राहतो. आमरसाची वाटी प्यालो की घाम, धडधड, पोटात मुरड. याला डम्पिंग म्हणतात, गोडाने होतं. आणखी एक लक्षात ठेवा भाऊ: बायपासनंतर ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी आतल्या जोडावर अल्सर होऊ शकतो. मेडिकलवाला अंगदुखीची गोळी सहज काढून देतो, त्याला आधी सांगा. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर.

शहादा, कापड दुकान
माझी बायको पेशंट. विमा कंपनीच्या माणसाने पॉलिसी विकताना "सगळं कव्हर" म्हटलं, कॅशलेस मात्र नाकारलं. अटी वाचून ठेवा: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर निदान ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेली शुगर, हृदयविकार किंवा झोपेतल्या श्वासाचा गंभीर त्रास. शिवाय आधी केलेल्या उपचारांचे कागद. आम्ही जुन्या डाएटच्या चिठ्ठ्यासुद्धा जोडल्या, तेव्हा कुठे पैसे मिळाले.

चोपडा, गृहिणी
लग्नानंतर पाळणा हलत नव्हता, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) होता. ऑपरेशननंतर पाळी नियमित झाली आणि सासूबाई लगेच मागे लागल्या. वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नसतात, कारण वजन उतरत असतं आणि अंगात जीवनसत्त्वं कमी असतात. यांनीच आईंना डॉक्टरांसमोर बसवलं. बायकांनो, ही गोष्ट आधी घरात बोलून घ्या.

रावेर, केळी बागायतदार
मी ऑपरेशन केलं नाही. २०२५ मध्ये मौंजारो, वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली, डॉक्टरांनी आधी इंजेक्शन लावून बघू म्हटलं. उतरतंय. पण खर्च दर महिन्याचा, आणि केळीचा भाव काही दर महिन्याला सारखा नसतो. बंद केलं की वजन परत चढतं असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे सर्जरीचा विषय अजून मिटलेला नाही.

नंदुरबार, नर्स
स्लीव्हला काही वर्षं झाली. उतरलेल्यातलं थोडं वजन परत आलंय. भाकरी आणि भरीत थोडक्यात पोट भरतं, शेव-फरसाण मात्र कितीही उतरतं, आणि आपल्याकडे शेव कशात नसते! जळजळही सुरू झालीय. एंडोस्कोपी ठरली आहे, डॉक्टर स्लीव्हचं बायपास करण्याबद्दल बोलतायत. आपल्या भागात कुणी हे दुसरं ऑपरेशन केलं असेल तर लिहा: किती दिवसांत कामावर गेलात, आणि जळजळ खरंच थांबली का?